दुरून काका साजरे

हल्ली हलकेपणाला फार भाव आला आहे. जेवण हलके हवे, व्यायाम हलका हवा, कर्जाचा हप्ता हलका हवा आणि वाचायला काही घ्यायचेच झाले तर तेही हलकेफुलके हवे. (या शेवटच्या मागणीवर अस्मादिकांच्या वरकमाईचा चहा निघतो, म्हणून तिच्याविरुद्ध मी काही बोलणार नाही.) आमच्या लहानपणी मात्र 'हलका' हा शब्द कौतुकाचा नव्हता. हलकं कापड, हलकं लाकूड, हलक्या कानाचा माणूस, यांतलं काहीही आमचे वडील घरात येऊ देत नसत. हलका आणि हलकट यांत एका 'ट'चंच अंतर आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे चिरंजीवांच्या अकरावीच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घ्यायला गेलो आणि दुकानदाराने "हा बघा साहेब, अगदी हलका!" म्हणत तो माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. वजन एक किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे सोललेले दोन नारळ. किंमत ऐकल्यावर मी सवयीने ग्रॅमचा दर काढला आणि तो चांदीच्या भावाशी ताडून पाहू लागलो. सौ.ने डोळे वटारले. बी.कॉम. झालेल्या माणसाने बायकोबरोबर खरेदीला जाऊ नये.

अभ्यासासाठी घेतलेली वस्तू अभ्यासाला फारशी लागत नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आमच्या वेळी कंपासपेटी होती, ती गोट्या ठेवायला उपयोगी पडे. चिरंजीवांनी लॅपटॉपवर पहिल्याच आठवड्यात शहर वसवण्याचा एक खेळ घेतला. 'सिटीज : स्कायलाइन्स' त्याचं नाव. फिनलंडमधल्या मंडळींनी तो २०१५ साली काढला. रस्ते आखायचे, पाणी द्यायचं, वीज द्यायची, कर बसवायचे. मग माणसं आपोआप राहायला येतात आणि आपोआप कुरकुर करतात. चिरंजीव आठ दिवसांत कंटाळले. मी मात्र अडकलो. दिवसभर बँकेत ज्याला साधा पंख्याचा रेग्युलेटर बदलून घ्यायचा अधिकार नाही, त्याला रात्री दहानंतर एका अख्ख्या शहराचा आयुक्त होता येतं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

समुद्रकाठी मी गाव वसवलं आणि त्याला 'नवे श्रीवर्धन' असं नाव दिलं. श्रीवर्धन हे आमचं मूळ गाव. तिथे आमची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीत माझे धाकटे काका आहेत. काकू गेल्यापासून एकटेच असतात. वय शहात्तर. मी नोकरीमुळे अलिबागेत. जुन्या श्रीवर्धनला मला फारसं जाता येत नाही, म्हणून मी नवं काढलं. नव्या श्रीवर्धनची एक सोय अशी की, तिथे संकटं आपल्या मर्जीवर असतात. या खेळात वावटळ, त्सुनामी आणि भूकंप हवे असतील, तर २०१६ साली निघालेली एक पुरवणी वेगळे पैसे मोजून विकत घ्यावी लागते. जुन्या श्रीवर्धनला ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ फुकट मिळालं होतं.

तर गाव छान वाढत होतं. लोकवस्ती दहा हजारांवर गेली आणि लॅपटॉप धापा टाकू लागला. आधी पंख्याचा आवाज आला, बंदरातून निघालेल्या होडीच्या इंजिनासारखा. मग गाड्या अडखळत चालू लागल्या. मग सगळं गावच हुंदके देत पुढे सरकू लागलं. मी चिरंजीवांना हाक मारली.

"बाबा, हलक्या लॅपटॉपवर असले खेळ असेच चालणार," चिरंजीव वैद्यांच्या थाटात म्हणाले. "याला चित्र काढणारं वेगळं कार्ड नाही. हिशेब आणि चित्रं एकाच चिपवर. मेमरी ८ जीबी, तीसुद्धा दोघांत वाटलेली. शिवाय इतक्या पातळ अंगातून उष्णता बाहेर जात नाही. तापला की स्वतःला वाचवायला तो आपणहून मंद होतो."

तापल्यावर आपणहून मंद होणारे दोन साहेब माझ्या पाहण्यात आहेत, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

मग उपचार सुरू झाले. पहिला उपचार म्हणजे खेळताना चार्जर लावून ठेवायचा. बॅटरीवर असताना लॅपटॉप महिनाअखेरच्या माणसासारखा काटकसरीने वागतो. दुसरा उपचार, गोधडीवर ठेवून खेळायचं नाही. हवा आत घ्यायच्या फटी त्याच्या पोटाखाली असतात. त्या बुजल्या की जीव गुदमरतो. मागची बाजू बोटभर उचलून ठेवायची. बोटभर उंचीचं काही घरात सापडेना. शेवटी सुपारीचा डबा काढला. काका दरवर्षी वाडीतली रोठा सुपारी पाठवतात. (श्रीवर्धनच्या रोठ्याची ख्याती मी अलिबागेत बसून काय सांगावी?) एक चांगली टपोरी सुपारी घेतली, ती घरंगळू नये म्हणून अडकित्त्याने अर्धी केली आणि दोन कोपऱ्यांखाली दोन फाडी ठेवल्या. लॅपटॉप थंड झाला. एवढ्या महाग यंत्राचं भागलं ते शेवटी पोफळीच्या फळाने, या विचाराने मी फार सुखावलो.

तिसरा उपचार, मागे चालू असलेलं बाकी सगळं बंद करायचं. याचं महत्त्व अलिबागकराला समजावून द्यायला नको. आमच्याकडची चुंबकीय वेधशाळा इथे आली तीच या तत्त्वावर. मुंबईत विजेच्या ट्रामा धावणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेला धास्ती पडली, कारण ट्रामच्या विजेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाजूक मोजमापं बिघडली असती. म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला आणलं. पृथ्वीचं ऐकायचं तर ट्रामपासून लांब बसावं लागतं. मीही मग व्हॉट्सॲप, बातम्या आणि चिरंजीवांचे अभ्यासाचे व्हिडिओ बंद केले. शेवटचे बंद केले तेव्हा चिरंजीवांचा चेहरा फार प्रसन्न झाला.

चौथा उपचार मात्र मला मानवला, कारण त्यात आकडे होते. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. आडवे १९२० आणि उभे १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ते कमी करून १२८० आणि ७२० केले की होतात ९,२१,६००. म्हणजे क्षणोक्षणी ११,५२,००० ठिपक्यांची बचत! चित्र थोडं धुरकट होतं, पण माझा चष्म्याचा नंबर बदलायला झालाच आहे, त्यामुळे फरक कळला नाही. पाचवा, चित्रं सेकंदाला तीसच काढायची. कधी पन्नास, कधी वीस अशी उडी मारण्यापेक्षा सावकाश पण एकसारखं चालणं डोळ्यांना बरं वाटतं. सहावा, सावल्या बंद. झाडाची, घराची, माणसाची सावली सूर्याप्रमाणे हलवत ठेवायची म्हणजे यंत्राच्या जिवाला घोर. सावल्या काढल्या आणि गाव सुसाट चालू लागलं. सावल्यांवाचून कुणाचं काही अडत नाही. मात्र भर दुपारी गावात फिरताना सगळे जण जमिनीपासून चार बोटं वर तरंगल्यासारखे दिसू लागले.

"आणि आता सातवा," चिरंजीव म्हणाले. "दूरचं चित्र साधं करायचं."

इथून माझ्या डोक्याला भुंगा लागला.

चिरंजीवांनी समजावलं ते असं. पडद्यावरची प्रत्येक वस्तू बारीक त्रिकोण जोडून केलेली असते. जवळच्या घराला पुष्कळ त्रिकोण, म्हणून कौलं दिसतात, खिडक्या दिसतात. तेच घर लांब गेलं की त्याच्या जागी थोड्या त्रिकोणांचं साधं घर ठेवायचं. अजून लांब गेलं की नुसता ठोकळा. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. प्रत्येक वस्तूचे असे दोन-तीन अवतार आधीच करून ठेवलेले असतात. कोणता अवतार कधी काढायचा ते अंतर ठरवतं.

"म्हणजे दुरून डोंगर साजरे!" मी म्हणालो.

"तसंच," चिरंजीव म्हणाले. "आणि हे केलं नाही तर काय होतं, माहीत आहे? या खेळाचा दुसरा भाग २०२३ च्या ऑक्टोबरात आला. चांगली चांगली यंत्रंसुद्धा त्यापुढे मेटाकुटीला आली. लोकांनी आत डोकावून पाहिलं, तर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडात दात!"

"दात?"

"सगळे घडवलेले. तोंड मिटलेलं, माणूस मुंगीएवढा, तरी दात आहेतच. माणसांचे दूरचे साधे अवतार करायचे राहून गेले होते. करणाऱ्यांनीही ते मान्य केलं."

मी खूप हसलो. मिटल्या तोंडातल्या दातांसाठी शहर ठप्प होणं, ही कल्पनाच मोठी मजेची होती. पण रात्री अंथरुणावर पडलो आणि हसू ओसरलं. एका परीने त्या खेळाने काय वाईट केलं? माणूस लांब आहे म्हणून त्याला ठोकळा मानलं नाही, एवढंच. जवळच्याला जितके दात, तितकेच लांबच्याला. साधुसंतांनी दुसरं काय सांगितलं आहे? आणि ते केल्याबरोबर अख्खं शहर बंद पडलं!

आमचे एक प्राध्यापक मित्र आहेत. तत्त्वज्ञान शिकवतात, त्यामुळे त्यांना संध्याकाळी बराच वेळ असतो. समुद्रावर फिरताना त्यांना ही शंका घातली. ते म्हणाले, "ही शंका तुझ्याआधी येऊन गेलेली आहे." पीटर सिंगर नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने बांगलादेशाच्या निर्वासितांचे हाल पाहून एक निबंध लिहिला, तो १९७२ साली छापून आला. त्याचा मुद्दा असा की, समोरच्या डबक्यात एखादं मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर असलं म्हणून आपलं कर्तव्य बदलावं कसं? अंतराने फरक पडतो तो आपल्या डोळ्यांना. बुडणाऱ्याला काही फरक पडत नाही.

समोर कुलाबा किल्ला दिसत होता. ओहोटी होती आणि माणसं चालत किल्ल्याकडे निघाली होती. आमच्यापासून ती ठिपक्यांएवढी.

"पटतं," मी म्हणालो. "पण माझा प्रोसेसर लहान आहे हो."

"हे मात्र सिंगरला कुणी या शब्दांत सांगितलं नसेल," प्राध्यापक म्हणाले आणि भेळेच्या गाडीकडे वळले.

माझी अडचण चेष्टेची नव्हती. काउंटरवर बसणारा माणूस सगळ्यांचे दात काढू शकत नाही. म्हणजे, तसे काढावेसे वाटणारे काही खातेदार असतात, पण तो विषय वेगळा. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. स्वतः समोर उभी असतात, खोकत असतात, नातवाच्या मुंजीचं सांगत असतात आणि मी त्यांना विचारतो, "हयातीचा फॉर्म भरलात का?" रांगेत चाळीस जण असले की समोरच्याची सही जुळते का, अंगठा उमटतो का आणि खातं कुठलं, एवढंच मी पाहतो. उरलेला माणूस मी काढत नाही. काढला तर रांग दुपारी चारपर्यंत संपायची नाही आणि मागचे तीस जण उपाशी परत जातील. म्हणजे माझं न बघणं हीसुद्धा मागच्या तीस जणांची सेवाच! असा हिशेब मी कैक वर्षं मांडला आहे आणि ताळेबंद दर वेळी जुळला आहे. जुळलेला ताळेबंद बरोबरच असतो असं नाही, हे मला बी.कॉम.ला शिकवलं होतं. ते मी परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं.

इकडे नवे श्रीवर्धन वीस हजारांवर गेलं आणि पुन्हा अडखळू लागलं. ठिपके कमी केले, सावल्या गेल्या, लांबचं सगळं ठोकळे, तरी अडखळणं थांबेना. मी चिरंजीवांना पुन्हा पाचारण केलं.

"आता चित्र कमी करून उपयोग नाही," ते म्हणाले. "आता अडलंय ते चित्रापाशी नाही, हिशेबापाशी. यातला प्रत्येक माणूस कुठून निघतो, कुठे जातो, कोणत्या रस्त्याने जातो, याचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. म्हणून खेळानेच मर्यादा घातली आहे. एका वेळी फार तर ६५,५३६ माणसं गावात हिंडू शकतात. त्यापुढच्याला बाहेर पडायचं तर आधी कुणीतरी घरी जायला हवं. आपला लॅपटॉप त्याच्या कितीतरी आधीच दमला."

"मग उपाय?"

"माणसं कमी करा."

चिरंजीव हे इतक्या सहज म्हणाले की, मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. गाव सुरळीत चालवायचं तर आधी सावल्या काढा, मग लांबची माणसं ठोकळे करा आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर माणसंच कमी करा. असे सल्ले इतिहासात पुष्कळांनी दिले आहेत. ते देणाऱ्यांचे पुतळे नंतर पाडावे लागले.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी एक आपत्ती आली. कॉलेजच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी चिरंजीव लॅपटॉप घेऊन मित्राकडे मुक्कामाला गेले. बँकेला सुट्टी, घरात लॅपटॉप नाही, दोन दिवस समोर रिकामे. मी सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. सौ. म्हणाली, "अहो, पायात पायात येताय. काकांकडे जाऊन या. वर्ष झालं."

"वर्ष कसं? दर रविवारी बोलतो की."

"बोलता. गेलात कुठे?"

तेव्हा कबूल करून टाकतो की, मी काकांकडे गेलो तो लॅपटॉप नव्हता म्हणून. रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला पोचलो, तिथे बोटीत गाडी चढवली आणि दिघीला उतरलो. वाटेत लांब जंजिरा दिसला. पाण्यावर काळी आडवी रेघ. ज्या किल्ल्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले, तो लांबून अगदी थोड्या त्रिकोणांत बसत होता.

काका वाडीत होते. मला बघून हसले आणि मी दारातच थांबलो.

काकांच्या तोंडात दात नव्हते. वरचा एक आणि खालचे दोन, एवढाच ऐवज शिल्लक. गाल आत गेले होते. ज्या माणसाला मी लहानपणी दातांनी ऊस सोलताना पाहिलं होतं, तो माणूस माझ्यासमोर तान्ह्या मुलासारखा हसत होता.

"काका, दात कधी गेले?"

"ते होय? झाली की दोन वर्षं. एकेक करून गेले. अरे बस. चहा टाकतो."

दोन वर्षं! म्हणजे रविवार झाले एकशे चार. दर रविवारी मी व्हिडिओवर बोलत होतो. त्यांच्याकडे रेंज कमी. रेंज कमी झाली की फोन बोलणं तुटू नये म्हणून चित्र खराब करतो. तीच युक्ती! काकांचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा दिसे आणि मी म्हणे, "काका, तब्येत छान दिसतेय." त्यांचा 'स' फसफसायला लागला होता. मी त्याचं खापर नेटवर्कवर फोडत होतो. चार मिनिटं बोलून झाली की, "चला, ठेवतो." पेन्शनरांकडून मी वर्षातून एकदा तरी हयातीचा दाखला नीट घेतो. काकांचा मी दर आठवड्याला चार मिनिटांत उरकत होतो.

काकांनी चहा दिला, मग लहानसा खलबत्ता काढला आणि त्यात पान-सुपारी कुटू लागले. मला दरवर्षी टपोरी, निवडलेली सुपारी पाठवणारा माणूस स्वतः चुरा खात होता. आणि त्या सुपारीवर मी लॅपटॉप ठेवला होता.

"कवळी का नाही बसवलीत?"

"अलिबागेला चांगला डॉक्टर आहे म्हणतात. चार-पाच खेपा होतात. तू कामात असतोस."

यावर काय बोलणार? मी आयुक्त होतो. कामात होतोच.

उन्हं कलल्यावर काका शिंपण्याला उठले. वादळात तीनशे पोफळींतल्या जेमतेम चाळीस उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा लॉकडाऊन होता, येणं शक्य नव्हतं, मी पैसे पाठवले. हे सगळं खरं आहे. लॉकडाऊन उठल्यावरही मी पैसेच पाठवले, हेही तितकंच खरं. आता त्या जागी काकांनी लावलेली रोपं छातीच्या वर गेली होती. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वयाच्या सत्तरीनंतर ती लावायची, ही बाब ताळेबंदात कुठे धरायची ते मला समजेना.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं. पंप दोन तास चालला की कोरडा पडतो. काका फावड्याने पाट फोडून पाणी एका आळ्यात घेत, ते भरलं की माती ओढून बंद करत आणि पुढच्या आळ्याकडे वळवत. नवल म्हणजे त्यांनी सुरुवात केली ती कुंपणाजवळच्या ओळीपासून. विहिरीलगतची रोपं तशीच सोडून.

"काका, सगळ्यांना एकदम सोडलं तर?"

"कुणालाच पुरत नाही. वाळूची जमीन. आळ्यात साठायच्या आत जिरतं."

"मग पाणी लांब न्यायच्या आधी जवळच्यांना तरी देऊन टाकावं."

काका फावडं टेकून उभे राहिले. म्हणाले, "जवळचं झाड येता-जाता दिसतं. सुकलं तर कळतं. त्याला विसरायला होत नाही. लांबचं विसरतं. म्हणून पाळी लांबच्यापासून धरायची. आज कुंपण, उद्या मधलं, परवा विहिरीकडचं. पुन्हा कुंपण."

एवढं बोलून ते पुढच्या आळ्याकडे गेले. पीटर सिंगर यांनी पाटाचं पाणी कधी लावलं होतं की नाही, मला कल्पना नाही.

परतताना बोटीत मी विचार करत होतो. आपलं पाणी दोन तासांचंच असतं, यात शरमेसारखं काही नाही. सगळ्यांचे सगळे दात सतत डोळ्यांसमोर ठेवू पाहणारा माणूस त्या दुसऱ्या भागासारखा ठप्प होतो. मग ना लांबच्याचं भलं, ना जवळच्याचं. म्हणून कुणीतरी ठोकळा होणारच. चूक त्याला ठोकळा करण्यात नसते. चूक एकदा ठोकळा केलेल्याला कायमचा ठोकळा ठेवण्यात असते. खेळात निदान जवळ गेलं की खिडक्या उघडतात, कौलं दिसतात. मी जवळ जायचंच बंद केलं होतं आणि गाव किती सुरळीत चाललंय म्हणून खूश होतो. अर्थात पाळीचाही नियम सगळीकडे लागू नाही. डबक्यात बुडणाऱ्या मुलाला 'तुमची पाळी परवा' असं सांगता येत नाही. २०२० च्या जूनमध्ये काकांची पाळी नव्हती, काका बुडत होते. तो हिशेब माझ्या नावे बाकीच राहील. त्यावर व्याज किती, ते मला लावता येत नाही.

घरी आल्यावर चिरंजीवांना हे सांगितलं. ते म्हणाले, "प्रोसेसर तेच करतो, बाबा. एका वेळी सगळं करत नाही. याला दोन-चार सहस्रांश सेकंद, मग त्याला, मग पुढच्याला. इतक्या भराभर फिरतो की सगळ्यांना वाटतं, आपलंच चाललंय. आजोबांचं शिंपणंच ते."

तेव्हापासून दुसरा शनिवार मी कुंपणाजवळच्या ओळीला ठेवला आहे. पहिल्या पाळीला काकांना गाडीत घालून अलिबागेला आणलं. नको-नको म्हणत आले. कवळीच्या पाच खेपा झाल्या. तेवढे दिवस ते आमच्याकडे होते. नवे श्रीवर्धन मी वीस हजारांवर थांबवून ठेवलं आहे. माणसं कमी केली नाहीत, नवी वस्ती तेवढी वाढवत नाही. सावल्या मात्र परत चालू केल्या. थोडं अडखळतं. अडखळू दे.

कवळी बसली त्या रात्री मी काकांना मोठ्या हौसेने माझं गाव दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. रस्ते पाहिले, बंदर पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली.

"वाडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"या खेळात पोफळी नाहीत, काका."

"मग हे श्रीवर्धन कसलं?" असं म्हणत त्यांनी नवे दात दाखवून हसायला म्हणून मान मागे टाकली आणि त्यांची नजर लॅपटॉपच्या खाली गेली. हसू थांबलं. त्यांनी वाकून दोन्ही फाडी काढून घेतल्या, उपरण्याला पुसल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की, मला पुन्हा चौथीत बसल्यासारखं झालं.

"रोठा आहे हा," ते म्हणाले. "अडकित्ता आण."

अडकित्ता आणला. काका अगदी पातळ कात्रण उतरवू लागले. पाठ टेबलाला टेकल्याबरोबर लॅपटॉप तापला. पंखा घोंघावू लागला. नव्या श्रीवर्धनातली वीस हजार माणसं आपापल्या सावल्यांसकट अडखळली आणि जागच्या जागी थांबली. चिरंजीव धावत आले. मी त्यांना हातानेच थांबवलं. काकांनी कात्रणाची पहिली चिमूट तोंडात टाकली होती आणि कुटलेली नसलेली सुपारी दोन वर्षांनी चावताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला जवळून बघायचं होतं.